गेम बनवायचाय, मग पहिली भाषा कोणती? ठरवायचं कसं ते पायरीपायरीनं

‘खरे गेम सी प्लस प्लसमध्येच बनतात.’ ‘पायथन सोपी आहे, तिथून सुरू कर.’ ‘आता सगळे गोडोकडे वळताहेत.’ गेम बनवायला शिकायचंय असं नुसतं बोलून दाखवलं की ही तिन्ही मतं कानावर आदळतात. गंमत म्हणजे तिन्ही खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या माणसांसाठी. सल्ला देणारा बहुधा स्वतः कुठून सुरू झाला तेच सांगत असतो. तुम्हाला कोणता गेम बनवायचाय हे त्यानं विचारलेलंच नसतं.

हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायचं असेल तर भाषा आधी ठरवून पुढचं बघता येतं. गेममध्ये हे उलटं चालतं. इथं भाषा इंजिनामागून येते. इंजिन म्हणजे चित्र, आवाज, टक्कर अशी तयार यंत्रणा देणारं गेम बनवायचं साधन. युनिटी घेतलं की सी शार्प, अनरियल घेतलं की सी प्लस प्लस आणि ब्लूप्रिंट, गोडो घेतलं की जीडीस्क्रिप्ट किंवा सी शार्प, रोब्लॉक्समध्ये शिरलात की लुआउ. आणि इंजिन कोणतं, हे गेमवरून ठरतं. त्यामुळे आधी गेम, मग इंजिन, मग भाषा, याच क्रमानं जाऊ.

पायरी पहिली: गेम चार ओळींत लिहून काढा

कागद घ्या आणि खेळाडू काय करतो ते क्रियापदांत लिहा. उडी मारतो, पत्ते लावतो, संवाद वाचून निवड करतो, शत्रू चुकवत पळतो. कथा, पात्रांची नावं, लोगो यांची घाई नको. मग गेम टू-डी आहे की थ्री-डी, तो कुठं चालायला हवा (ब्राउझर, फोन, कॉम्प्युटर की कन्सोल) आणि बनवणारे तुम्ही एकटे की दोघं-तिघं, एवढं लिहा.

या चार ओळी दिसायला किरकोळ, पण अर्धे पर्याय त्याच खोडून टाकतात. समजा लिहिलंत, ‘वरून दिसणारा टू-डी गेम, शत्रूंची झुंड चुकवायची, ब्राउझरमध्ये चालावा, बनवणारी मी एकटी.’ झालं, अनरियल लगेच बाद, कारण अनरियल ५ मध्ये ब्राउझरसाठी एक्स्पोर्टची, म्हणजे तयार गेम तिथं चालेल अशा रूपात काढायची, सोयच नाही. गोडो घ्यायचं तर जीडीस्क्रिप्टच बरी, कारण गोडो ४ आल्यावर सी शार्पमधले प्रकल्प बराच काळ वेबसाठी एक्स्पोर्टच करता येत नव्हते. जावास्क्रिप्ट भाषा आणि तिच्यातलं फेझर हे गेम बनवायचं साधन, ही जोडी मात्र शर्यतीत येते. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ आधी फेझरमध्येच बनला होता. तो लोकप्रिय झाल्यावर पुढे युनिटीत नेला गेला.

आता अडचणीचा भाग. बहुतेकांच्या कागदावर पहिल्या फटक्यात उतरतो तो भलामोठा ओपन-वर्ल्ड ऑनलाइन गेम. तो कागद जपून ठेवा, पण भाषा त्यावरून निवडू नका. येत्या चार-सहा महिन्यांत जो गेम पूर्ण होऊ शकतो, त्यासाठी निवडा. मोठ्या स्वप्नातला एखादा तुकडा, म्हणजे नुसती तलवारबाजी किंवा नुसता व्यापार, वेगळा काढला तर छान छोटा गेम होतो.

पायरी दुसरी: तुम्हाला नेमकं काय व्हायचंय?

‘गेम डेव्हलपर’ या एका पाटीखाली बरीच वेगळी माणसं असतात. एखाद्याला मोठ्या स्टुडिओत ग्राफिक्सचा किंवा इंजिनाचा कोड लिहायचा असतो. त्याला आज ना उद्या सी प्लस प्लस चुकणार नाही. दुसऱ्याला एकट्यानं छोटे गेम काढून विकायचे असतात. त्याला पटापट बदल करून बघता येईल अशी भाषा हवी. तिसऱ्याला मुळात गोष्ट सांगायची असते. त्याच्यासाठी रेनपाय पुरेसं आहे. पायथनवर उभं असलेलं हे साधन दृश्य-कादंबरीसाठीच बनलंय आणि ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) त्यातच झाला. अशा माणसाला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) शिकवत बसणं म्हणजे शुद्ध छळ.

आणि हो, हाताशी असलेला कॉम्प्युटरही बघा. गोडोचं डाउनलोड आटोपशीर असतं आणि ते जुन्या लॅपटॉपवरही चालतं. अनरियल तीस-चाळीस जीबी जागा सहज खातं आणि वर दणकट ग्राफिक्स कार्ड मागतं. मशीन कुरकुरत असेल तर भाषा कितीही आवडली तरी शिकणं होत नाही.

पायरी तिसरी: उमेदवारांची ओळख

त्याआधी वेगाची भीती काढून टाकू. ‘अमुक भाषा हळू आहे, गेम अडखळेल’ हे नवशिक्यांना फार सतावतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, हवी असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, हे खरं. पण चित्र काढणं, टक्कर ओळखणं, आवाज मिसळणं ही जड कामं इंजिन करतं, आणि युनिटीचा गाभा काय किंवा गोडो काय, दोन्ही सी प्लस प्लसमध्येच लिहिलेत. तुमची स्क्रिप्ट फक्त काय करायचं ते सांगते. पहिल्या गेममध्ये भाषेमुळे फ्रेम घसरणं जवळपास अशक्य. घसरलीच तर तुम्ही दर फ्रेमला नको ते काम करत असता, आणि ते कुठल्याही भाषेत करता येतं.

सी शार्प. एकच नाव सांगा असा कुणी हट्ट धरला तर मी बहुतेक वेळा हेच सांगते. युनिटीची ही भाषा, गोडोत चालते, मोनोगेम या सी शार्पच्या साधनात चालते आणि गेमबाहेरच्या नोकऱ्यांतही. एरिक बॅरोननं एकट्यानं केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) सी शार्पमधला, ‘सेलेस्ट’ही सी शार्पमधलाच. इथं व्हेरिएबलचा (माहिती ठेवायच्या, नाव दिलेल्या जागेचा) प्रकार आधी सांगावा लागतो, त्यामुळे आकड्याच्या जागी शब्द घातलात तर गेम चालू होण्याआधीच संपादक लाल रेघ मारतो. सुरुवातीला ही कटकट वाटते; महिनाभरानं तिचाच आधार वाटायला लागतो. मेमरीची सफाई भाषाच करते. त्याची एक छोटी किंमत आहे: दर फ्रेमला शेकडो नव्या वस्तू तयार करून टाकून दिल्या तर सफाई चालू असताना गेम क्षणभर अडखळतो. गोळ्यांचा पाऊस पाडणारा गेम बनवाल तेव्हा त्याच त्या गोळ्या पुन्हा वापरायची युक्ती शिकावी लागेल, आज नाही.

युनिटीबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीनं गेमच्या इन्स्टॉलवर शुल्क लावायचं जाहीर केलं, विकासकांचा संताप झाला आणि वर्षभरानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो निर्णय गेमपुरता रद्द केला. शिकणाऱ्याला याचा थेट फटका नव्हता. पण इंजिन दुसऱ्याच्या मालकीचं असतं आणि भाषा तुमच्या डोक्यात राहते, हा फरक तेव्हा अनेकांच्या लक्षात आला. सी शार्प येणारे कित्येक जण गोडोत किंवा मोनोगेममध्ये तुलनेनं कमी त्रासात गेले.

जीडीस्क्रिप्ट. आयुष्यात कोडची एकही ओळ लिहिली नसेल तर मी इथून सुरू करायला सांगेन. लिहिण्याची ढब पायथनसारखी, कंस कमी, समास सोडून रचना. भाषा गोडोच्या संपादकातच राहते, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि बदल केल्यापासून तो पडद्यावर दिसेपर्यंत जेमतेम काही सेकंद जातात. गोडो एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, त्यामुळे गेम कितीही विकला तरी कुणाला हिस्सा द्यावा लागत नाही. ‘डोम कीपर’ आणि ‘ब्रोटाटो’ हे गोडोतलेच. ही भाषा गोडोबाहेर कुठंच चालत नाही, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. बरोबर आहे, पण मला तो फुगवलेला वाटतो. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा), सिग्नल (काही घडल्याची सूचना), स्थिती सांभाळणं हे सगळं डोक्यात बसतं ते कायमचं. दुसऱ्या भाषेत जाताना नवे असतात ते बहुतांशी विरामचिन्हांचे नियम.

खरा त्रास वेगळाच आहे. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आलं आणि बरीच नावं बदलली. टू-डी पात्रासाठीचा ‘कायनेमॅटिक बॉडी’ नावाचा नोड (गेमचा तयार घटक) ‘कॅरॅक्टर बॉडी’ झाला, थांबून वाट बघण्यासाठीचा ‘यील्ड’ गेला आणि ‘अवेट’ आला. जालावरची बरीच जुनी ट्युटोरियल्स अजून गोडो ३ ची आहेत. व्हिडिओ लावण्याआधी त्यात कोणती आवृत्ती आहे ते बघायची सवय लावा, नाहीतर जे चूक नाही ते दुरुस्त करण्यात संध्याकाळ जाईल.

सी प्लस प्लस. मोठ्या बजेटच्या कन्सोल गेमची भाषा, वादच नाही. मेमरीवर पूर्ण ताबा मिळतो आणि तिची पूर्ण जबाबदारीही गळ्यात पडते. नसलेल्या वस्तूकडे बोट दाखवणारा पॉइंटर वापरलात की लाल संदेश मिळण्याऐवजी अख्खा प्रोग्रॅम कोसळतो. अनरियलमध्ये तर संपादकासकट. त्यात हेडर फाइली, लिंकरच्या (कोडचे तुकडे जोडणाऱ्या साधनाच्या) अगम्य तक्रारी, कंपाइल होण्याची (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होण्याची) वाट. शिवाय अनरियलमधला सी प्लस प्लस हा पुस्तकातल्या सी प्लस प्लसहून बराच वेगळा आहे: त्याचे स्वतःचे मॅक्रो (मोठ्या कोडचे आखूड संकेत) आहेत, स्वतःचे डेटाप्रकार आहेत, मेमरी साफ करण्याची स्वतःची व्यवस्थासुद्धा आहे. म्हणजे नवशिक्याला एकाच वेळी दोन भाषा शिकाव्या लागतात आणि कुठली अडचण कुठल्या भाषेची हेच कळत नाही.

तरी कुणी इथून सुरू करावं? ज्याला इंजिन आतून कसं चालतं याचीच ओढ आहे, ज्याला पडद्यावर एक त्रिकोण उमटवायला आठवडा गेला तरी आनंद होतो, त्यानं जरूर करावं. थ्री-डी अनरियलच हवं असेल पण कोड नवा असेल, तर ब्लूप्रिंटपासून सुरुवात करा. चौकोन आणि तारा जोडून तर्क मांडायची ही पद्धत लहान मुलांचा खेळ नव्हे. अट, लूप, फंक्शन सगळं तिच्यात आहे. गेम विकायचा झाला तर अनरियलचा हिस्सा साधारणपणे ५ टक्के, तोही एका गेमची कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावरच्या रकमेवर.

लुआ. ब्राझीलमधल्या एका विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली ही छोटीशी भाषा गेमच्या जगात सगळीकडे भेटते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे अॅडऑन लुआत, रोब्लॉक्सची लुआउ तिचीच लेक, आणि ‘बलाट्रो’ (२०२४) लव्ह नावाच्या लुआ फ्रेमवर्कवर झाला. लव्हमध्ये दृश्य संपादक नाही, सगळं कोडनं. पत्त्यांचा, कोड्यांचा, नियमांवर चालणारा गेम डोक्यात असेल आणि बटणांच्या जंगलात गुदमरायला होत असेल, तर हा पर्याय फार सुखाचा आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. पायथन शिकायला उत्तम, पायगेम या तिच्या लायब्ररीत पहिले दोन-तीन गेम मजेत होतात, पण तयार गेम लोकांच्या फोनवर किंवा कन्सोलवर पोचवताना दम लागतो. पायथन आधीच येत असेल तर वाया गेलं असं मुळीच नाही, जीडीस्क्रिप्ट दोन दिवसांत ओळखीची वाटेल. जावामध्ये ‘माइनक्राफ्ट’ आणि ‘स्ले द स्पायर’ झाले, तरी आज केवळ गेमसाठी नव्यानं जावा उचलायचं कारण मला दिसत नाही. माइनक्राफ्टचे मॉड बनवायचे असतील तर मात्र तीच हवी. गेममेकरची स्वतःची भाषा टू-डीसाठी झकास, ‘अंडरटेल’ (२०१५) त्यातला. रस्ट दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून घ्या.

पायरी चौथी: दोघांची परीक्षा घ्या

एव्हाना यादीत दोन नावं उरली असतील. आता वाचणं बंद. एक शनिवार-रविवार पहिल्याला, पुढचा दुसऱ्याला. दोन्हीत तोच गेम करायचा: वरून वस्तू पडतात, खाली बाणांच्या कळांनी सरकणारा चौकोन त्या झेलतो, गुण वाढतात, तीन सुटल्या की खेळ संपतो, एक कळ दाबली की नव्यानं सुरू. चित्रं नकोत, रंगीत चौकोन पुरेत. शक्यतो इंजिनाच्या अधिकृत ‘पहिला टू-डी गेम’ धड्यावरून सुरू करा आणि तिथून आपल्या वाटेनं जा.

बघायचं काय? कोड बदलल्यापासून परिणाम दिसेपर्यंत किती वेळ जातो ते बघा, कारण हे दिवसातून शंभरदा करायचंय. मग मुद्दाम मोडतोड करा. व्हेरिएबलचं नाव चुकीचं लिहा. नसलेल्या वस्तूला हाक मारा. आकड्याऐवजी शब्द घाला. चूक दाखवणारा संदेश वाचून नेमकी ओळ सापडते का? शिकण्याच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त वाचन या संदेशांचंच होणार आहे, त्यामुळे ज्या भाषेचे संदेश तुम्हाला उमगतात ती अर्धी लढाई जिंकली. शेवटी गेम एक्स्पोर्ट करून दुसऱ्या मशीनवर चालवा. पुष्कळांची गाडी इथंच अडते आणि ते खूप उशिरा कळतं.

दुसऱ्या रविवारी रात्री निर्णय घ्या. बरोबरी झाली तर ज्यात पुन्हा हात घालावासा वाटतोय ते निवडा. मग निदान एक गेम पूर्ण होईपर्यंत तुलनेचे व्हिडिओ बघायचे नाहीत.

पायरी पाचवी: भाषेतलं आधी काय शिकायचं

अख्खी भाषा शिकून मग गेम, असं करू नका. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन आणि यादी, एवढ्यावर पहिला गेम निघतो. क्लास (एकासारख्या वस्तूंचा साचा) दुसऱ्या गेमला शिका, जेव्हा एकासारखे दहा शत्रू हवे होतील आणि तोच कोड दहादा चिकटवायचा कंटाळा येईल. इनहेरिटन्सचे (एका क्लासवरून दुसरा काढण्याचे) मोठाले वृक्ष तर बरेच पुढे.

भाषेपेक्षा गेमची स्वतःची एक गोष्ट मात्र लवकर पक्की करा: गेम लूप. खेळाडूनं काय दाबलं ते वाचा, जग थोडं पुढे सरकवा, चित्र काढा, आणि पुन्हा. युनिटीत हा भाग ‘अपडेट’ नावाच्या फंक्शनमध्ये येतो, गोडोत ‘प्रोसेस’मध्ये. इथंच जवळपास प्रत्येक नवशिक्याचा पहिला मोठा बग जन्मतो. समजा तुम्ही लिहिलं, ‘दर फ्रेमला चौकोन ५ पिक्सेल पुढे ने.’ ६० फ्रेमच्या पडद्यावर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जाईल. १४४ फ्रेमच्या पडद्यावर ७२०. आणि ३० फ्रेमवर दमलेल्या लॅपटॉपवर जेमतेम १५०. एकच गेम, तीन वेगवेगळ्या अवघडपणाचा.

उपाय डेल्टा टाइम. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो आकडा इंजिन तुम्हाला देतं. वेग ‘सेकंदाला ३००’ असा ठरवा आणि प्रत्येक फ्रेमला त्याला डेल्टानं गुणा. ६० फ्रेमला एक पाऊल ५ पिक्सेलचं पडतं, १४४ ला साधारण २.०८ चं, पण सेकंद संपताना दोघं एकाच जागी. भौतिकीच्या हिशेबांसाठी इंजिनं ठरावीक तालाचा वेगळा लूप देतात. युनिटीत तो मुळात सेकंदाला ५० वेळा चालतो, गोडोत ६० वेळा. उडी, ढकलणं, आदळणं तिथं ठेवा.

यानंतर गणितातला व्हेक्टर: दिशा कशी काढायची, तिची लांबी एक कशी करायची. हे जमेपर्यंत तुमचं पात्र तिरकं जाताना सुमारे ४१ टक्के जास्त वेगानं पळेल, कारण आडवं एक आणि उभं एक मिळून तिरकस अंतर २ च्या वर्गमुळाइतकं होतं. मग स्थिती: उभा, पळतो, हवेत, मेला. सुरुवातीला हे जोड-अटींचं कडबोळं होतं. होऊ द्या. ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ या गाजलेल्या गेमचा कोड जानेवारी २०२० मध्ये खुला झाला तेव्हा त्यात शेकडो शाखांचा एक राक्षसी स्विच (अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना) निघाला. प्रोग्रॅमर हसले, पण खेळणाऱ्यांना दहा वर्षं त्याचा पत्ताही नव्हता.

चॅटबॉटकडून कोड घेण्याबद्दल. घ्या, पण जो तुकडा ओळीओळीनं समजावून सांगता येत नाही तो गेममध्ये ठेवू नका. शिवाय ही साधनं गोडो ३ आणि ४ ची सरमिसळ बिनदिक्कत करतात, तेव्हा विचारताना आवृत्ती सांगायचीच.

पायरी सहावी: पूर्ण करा

‘पाँग’ (१९७२), मग ‘ब्रेकआउट’ (१९७६), मग गोळ्या झाडणारा, मग उड्या मारणारा. हा जुना क्रम अजून टिकून आहे, कारण प्रत्येक गेम नेमकी एखाददुसरी नवी अडचण आणतो: टक्कर, वस्तूंची यादी, वस्तू तयार करणं आणि नष्ट करणं, गुरुत्वाकर्षण. पूर्ण म्हणजे सुरुवातीचा पडदा, आवाज, हरणं-जिंकणं, पुन्हा खेळायची सोय, आणि तुम्ही शेजारी न बसता दुसऱ्या कुणीतरी खेळून बघितलेला. पहिल्या दिवसापासून गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरा; काल चालत होतं आणि आज नाही, अशा वेळी परतीचा रस्ता तोच.

दुसरी भाषा कधी?

ट्युटोरियल मध्येच अवघड झालं म्हणून बदलू नका. ते सगळ्या भाषांत त्याच जागी अवघड होतं. बदलायची कारणं ठोस असतात. हवी ती नोकरी दुसरी भाषा मागते, गेम ज्या यंत्रावर न्यायचाय तिथं इंजिन पोचत नाही, किंवा इंजिनाच्या आत डोकवायची इच्छा स्वस्थ बसू देत नाही. सी प्लस प्लसकडे जायचं ठरलं तर थेट अनरियल उघडण्याआधी रेलिब किंवा एसडीएल ही लायब्ररी घ्या आणि तुमचाच पूर्ण झालेला ‘ब्रेकआउट’ त्यात नव्यानं लिहा. नियम पाठ आहेत, विटांची यादी ओळखीची आहे, डेल्टा टाइम तोच आहे. नवं फक्त मेमरी आणि बिल्डची व्यवस्था. वीट फुटल्यावर तिची जागा परत करायला विसरलात तर काय होतं, हे तिथं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि मग अनरियलचे ते मॅक्रो कशासाठी आहेत हेही कळायला लागेल.